संकटाचं बोट

सोनगीरच्या उखर्डू आबाचा पहिला सौदा तो दीड तासाचा असताना झाला. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईनं याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं, आणि आईनं ओंजळभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. मृत्यूला वाटावं, हा टाकलेला माल आहे, याला काय न्यायचं! मृत्यूनं तो सौदा साठ वर्षांवर पाळला आहे. आमच्या गावातल्या माणसांबद्दल मला तेवढंही म्हणता येत नाही.

मी बन्सीलाल मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, आठ बिघे कापूस, आणि गावात कोणाला अर्ज लिहून हवा असला की माझ्या ओट्यावर यायचं, अशी वहिवाट. माझं मराठी चांगलं आहे. ही बढाई नाही, ही पुढच्या गोष्टीची सुरुवात आहे.

उखर्डू आबा दलाली करतो. म्हणजे करायचा. दलाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सोन्याची साखळी आणि पांढरी गाडी येत असेल, तर ती पुसून टाका. आबाकडे एक सायकल आणि एक लाल चौकटीचा रुमाल. आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातावर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरतात. तोंडानं नुसतं ‘हजार’ म्हणायचं आणि जितकी बोटं दाबली तितके हजार, पाचाच्या वर जायचं तर तीच बोटं पुन्हा दाबायची. ‘शेकडा’ म्हटलं तर तितके शेकडे. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. बैलांचं हे प्रकरण आबानं कापसात आणलं. त्याचा रुमाल, त्याची साक्ष. दोघांचे हात सुटले की तो दोघांना एकेकदा विचारायचा, दोन्ही आकडे जुळले की रुमाल झटकून खांद्यावर टाकायचा. झाला सौदा. कागद नाही, सही नाही. आबाला सहीपुरतंच लिहिता येतं.

गावाबाहेर हायवेला प्रेमराजशेठचं जिन आहे. शेठ कापूस घेतो, सरकी वेगळी करतो, गाठी बांधतो. माणूस गोड. इतका गोड की त्याच्याशी दहा मिनिटं बोललं की पाणी प्यावंसं वाटतं. त्याचे सगळे सौदे आबाच्या रुमालाखाली व्हायचे आणि सगळ्यांची मुदत एकच, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात सालदाराचं साल आखाजीला संपतं, लेकी माहेरी आखाजीला येतात, तर कापसानं तरी वेगळा मुहूर्त का काढावा?

एकवीस सालच्या दसऱ्याला शेठनं क्विंटलला सात हजारांच्या भावानं वायदा केला. माल आखाजीला द्यायचा, भाव आज ठरला. गावातल्या चाळीसेक जणांनी रुमालाखाली हात घातले. मीही घातला. आणि आबाची धाकटी बहीण झुंबरबाई, तिनंही घातला. ती असोद्याला दिलेली. वडलांनी मरताना तीन बिघे तिच्या नावावर केले, ते आबा कसतो आणि खर्च वजा जाता जे उरेल ते तिच्या हाती देतो. बहिणीचा वाटा असा चोख देणारा भाऊ मी पंचक्रोशीत दुसरा पाहिलेला नाही. बहुतेक भाऊ बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात आणि वर साडी-चोळी करून उपकार दाखवतात. बाईनं रुमालाखाली हात घातला म्हणून पोरं-टोरं हसली. झुंबरबाईनं शेठची सात बोटं अशी कचकचून दाबली म्हणे, की शेठ दोन दिवस जेवताना आठवण काढत होता.

मग भाव चढला. आठ, नऊ, दहा. आखाजीच्या आधी अकराच्या वर गेला. कापूस घरात पडलेला आणि त्याच्यावर सात हजारांचा दोर बांधलेला. गावाला रात्रीची झोप येईना. इतकी वर्षं भाव पडला म्हणून रडणारी माणसं आता भाव चढला म्हणून ऊर बडवू लागली. चाळीस जण माझ्या ओट्यावर आले. मास्तर, एक अर्ज लिहा. मी लिहिला. अजून पाठ आहे: ‘अभूतपूर्व परिस्थिती उद्भवल्याने, जी उभय पक्षांपैकी कोणासही करारसमयी कल्पिता आली नसती, सदर वायदे न्यायबुद्धीने रद्दबातल समजण्यात यावेत.’ वाचून दाखवला तेव्हा लोटन पाटलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला ‘उभय’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

शेठनं अर्ज दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. म्हणाला, “मास्तर, काय सुंदर लिहिता हो! पण जबान म्हणजे जबान. भाव पाचावर आला असता तर तुम्ही मला दोन हजार परत आणून दिले असते का?”

आम्ही उठून परत निघालो. उत्तर नसलं की माणूस शिव्या देतो, त्या आम्ही वाटेत दिल्या. दहा-बारा जणांनी रात्रीतून माल नंदुरबारकडे पळवायचं ठरवलं. तेव्हा उखर्डू आबा सायकलवर रुमाल टाकून दारोदार फिरला. कोणाला धमकी दिली नाही, कोणाला उपदेश केला नाही. दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, “मना रुमाल शे.” रुमाल माझा आहे, एवढंच. स्वतःचा माल त्यानं पहिल्या दिवशी जिनात नेऊन टाकला. दुसऱ्या दिवशी बहिणीचा. मग कुरकुरत बाकीच्यांचाही गेला, थोडा मागे दडवून.

झुंबरबाई आखाजीला आली ती भावाच्या दारातच उभी राहिली. तिचा दहा क्विंटल कापूस होता. चार हजारांनी गुणा. नात समीक्षाला धुळ्याला नर्सिंगला घालायचं ती गावभर सांगून आली होती, आणि आता चाळीस हजार जिनाच्या धुराड्यातून गेले. ती आबाला म्हणाली, “भाऊ, तू मना भाऊ शे का शेठना?”

आबा म्हणाला, “भाऊ तुनाच शे. पन रुमाल बठ्ठासना शे.” रुमाल सगळ्यांचा, एकट्या बहिणीचा नाही.

ती ओसरीवर टेकली नाही, झोक्यावर बसली नाही, पाण्याचा घोटही घेतला नाही. सात हजारांप्रमाणे झालेले पैसे पदराला बांधले आणि त्याच एसटीनं परत गेली. आखाजीला लेक माहेरी येऊन न जेवता जाणं आमच्याकडे मयतापेक्षा वाईट मानतात. आबाची बायको ताईबाई सांजोऱ्यांचं ताट घेऊन स्टँडपर्यंत धावली. त्या वर्षी समीक्षा घरीच बसली. गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, आबा दलालीसाठी बहिणीला विकणारा माणूस. हे म्हणणारे तेच, ज्यांनी उरलेला चोरटा माल नंदुरबारला अकरा हजारांनी विकला होता. आपला तो बाब्या!

पुढच्या दसऱ्याची गोष्ट ऐका, कारण अक्कल कुठे विकत मिळते त्याचा पत्ता तिच्यात आहे. आता सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की भाव बारा-तेरा हजार होणार. गेल्या वर्षी पोळलेले लोक यंदा वायदा करायला तयार नव्हते. घरात कापूस भरून ठेवायचा आणि आखाजीला सोनं करायचं! शेठनं मग दुसरा खेळ काढला. म्हणाला, “ठीक, वायदा नको. पण भाव पडला तर? मला क्विंटलमागे दोनशे रुपये नजराणा द्या. आखाजीला भाव नऊ हजारांच्या खाली गेला तर जितका खाली जाईल तितका फरक मी भरून देईन. वर गेला तर नजराणा माझा, माल तुमचा.” पेढीवर याला ‘मंदी खाणं’ म्हणतात. शेठनं मंदी खाल्ली. पोटभर खाल्ली. त्याला खात्री होती की भाव पडणारच नाही, म्हणजे हे दोनशे फुकटचे. आम्हालाही खात्री होती की पडणार नाही, तरी भीतीपोटी दिले. दोन्ही बाजूंना सारखीच खात्री आणि पैसे तेवढे एकाच बाजूला जातात, याला व्यापार म्हणतात.

झुंबरबाई आली नाही. पण निरोप आला: माझ्या दहा क्विंटलचा नजराणा भर. आबानं विचारलं, हात कोण घालणार? निरोप्यानं सांगितलं, “अक्का बोलनी, मना हात तूच घाल. रुमाल बठ्ठासना शे ना?” आबानं बहिणीच्या नावानं स्वतःचा हात घातला. मी तिथे होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याला रुमाल झटकताना चुकलेलं पाहिलं, तो दोनदा झटकला.

मग भाव पडला. कापूस घरात, खाटेखाली, देवघरात. त्यात किडे झाले, पोरांच्या अंगाला खाज सुटली, सरकारी डॉक्टर मलम वाटून थकला. आखाजीच्या आठवड्यात भाव साडेसात हजार. शेठला क्विंटलमागे दीड हजार द्यायचे होते, आणि आम्ही चाळीसच जण नव्हतो, आजूबाजूची पाच गावं होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी शेठनं जिनाच्या आवारात सभा बोलावली. मांडव, खुर्च्या, थंड मठ्ठा. इतकी वर्षं उन्हात काट्यापाशी उभं करणारा माणूस खुर्ची देतो तेव्हा खिसा सांभाळावा. पण आम्ही मठ्ठा प्यालो. शेठ उभा राहिला. जगावर संकट आलंय, म्हणाला. कुठे तरी युद्ध चाललंय, सूत परदेशी जात नाही, गाठी गोदामात पडून आहेत. मी हा फरक भरला तर हे जिन बंद होईल. बंद जिनाला पुढच्या दसऱ्याला तुम्ही कापूस विकणार का? दोनशे मजूर घरी जातील. त्यापेक्षा आपण सगळे मिळून हे सौदे रद्द करू. नजराणा परत देतो, शिवाय आज जो माल आणेल त्याला बाजारापेक्षा शंभर रुपये जास्त.

आणि मग त्यानं ठराव वाचून दाखवला. ‘अभूतपूर्व परिस्थिती उद्भवल्याने, जी उभय पक्षांपैकी कोणासही करारसमयी कल्पिता आली नसती...’

मी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला. शब्द न शब्द माझा. धुळ्याच्या वकिलाला पैसे कशाला द्यायचे, घरचा मास्तर आहे! शेठनं माझ्याकडे पाहून मान हलवली, जशी आपण चांगल्या गवयाला दाद देताना हलवतो तशी. आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. तेवढाच मी हलकट.

मला उत्तर सुचत नव्हतं असं नाही. भाव पडला तर द्यायचे म्हणूनच तर पैसे घेतले होते ना? गाडी पंक्चर झाल्यावर स्टेपनी काढून नेणारा हा ड्रायव्हर कुठला! संकट येईल म्हणूनच ज्याचा नजराणा खाल्ला, तो सौदा संकट आलं म्हणून मोडायचा? पण हे म्हणायला तोंड पाहिजे होतं, आणि आमची सगळ्यांची तोंडं मागच्या आखाजीला त्याच अर्जाखाली सही करून बसली होती. शिवाय जिन बंद पडलं तर काय, हा प्रश्न खोटा नव्हता. तो मला आजही सुटलेला नाही.

सह्या सुरू झाल्या. लोटन पाटलानं केली. एकामागून एक. माझ्यापुढे कागद आला. शंभर रुपये जास्त, माझे पंचवीस क्विंटल, घरात किडे. मी सही केली. सुवाच्य अक्षरात.

शेवटी शेठ म्हणाला, “आता उखर्डू भाऊ एवढं सांगतील, म्हणजे पाचही गावांचं समाधान होईल. भाऊ, सौदा करतानाच आपलं ठरलं होतं ना, की काही मोठं संकट आलं तर हे लागू नाही?”

आबा मागे, ट्रकच्या सावलीत उभा होता. त्याच्या शेजारी झुंबरबाई. ती असोद्याहून सकाळीच निघून आली होती, आणि भावाशी अजून एक शब्द बोलली नव्हती. शेठला ‘हो’ म्हटलं की आबाची दलाली शाबूत, आणि बहीण दुसऱ्यांदा बुडाली. ‘नाही’ म्हटलं तर या जिनाचा दरवाजा बंद, आणि दुसरं जिन वीस किलोमीटरवर, सायकलनं. सगळ्यांना हे दिसत होतं. सगळे मान खाली घालून मठ्ठ्याचे पेले पाहत होते.

आबा पुढे आला. खांद्यावरचा रुमाल काढला. शेठच्या खुर्चीसमोर जाऊन म्हणाला, “शेठ, हात द्या.”

“आता कसला हात, भाऊ?”

“द्या तं.”

शेठनं हसत हात पुढे केला. आबानं त्यावर रुमाल टाकला आणि आपला हात आत घातला. 

“नजराणानी दोन बोटं शेत. भावनी नऊ. आखाजी तोंडी सांगेल व्हती.” आबाचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. “आते ह्या बोटंमा संकटनं बोट कोनतं शे, ते दखाडा. जे तुम्ही मना हातमा दाबं व्हतं ते. मी आठेच, ह्या मांडवमा, बठ्ठासले सांगस.”

शेठचं हसू तोंडावर राहिलं, पण हसण्यामागचा माणूस निघून गेला. त्यानं हात ओढायचा प्रयत्न केला. आबानं सोडला नाही. ओढून धरला असंही नाही, नुसता धरून ठेवला, आणि वाट पाहिली. आजवर हजारो वेळा त्यानं त्या रुमालाखाली दुसऱ्याच्या बोटांची वाट पाहिली होती. किती वेळ गेला कोण जाणे. कोणी खोकलं, कोणी खुर्ची सरकवली. शेठ शेवटी म्हणाला, “तसं बोट नव्हतं. पण आबा...”

“बस.” आबानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला. एकदाच.

आता तुम्हाला वाटेल, गाव पेटून उठलं. तुम्ही सोनगीर पाहिलेलं नाही. कोणी सही खोडली नाही. कागदावर आमच्या गावच्या चाळीसेक सह्या होत्या आणि बाहेर आमच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या, शंभर रुपये जास्त घ्यायला. सही न केलेली माणसं दोनच: बहीण आणि भाऊ. शेठ हुशार. त्यानं तिथेच मुनिमाला बोलावलं आणि दोघांचा फरक पूर्ण मोजून दिला. दोघांचे मिळून पंचवीस-तीस हजार, त्याला जिन बुडत नाही. जबान पाळणाऱ्याचं नाव झालं, ते वेगळंच. झुंबरबाईनं पैसे पुन्हा मोजले, मग पहिल्यांदा भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, “चाल घर. भूक लागनी.”

त्या आखाजीला ती तीन दिवस राहिली. झोक्यावर बसून गाणी म्हणाली, सांजोऱ्या खाल्ल्या, ताईबाईशी भांडली. जूनमध्ये समीक्षा धुळ्याला गेली. मी ओट्यावरून तो झोका ऐकत होतो. आम्ही चाळीसही जण नाही म्हणालो असतो तर शेठ बुडाला असता, की आम्ही तरलो असतो? मला हिशेब येतो, पण हा येत नाही. एवढं मात्र कळतं की आम्ही तो करूनच पाहिला नाही. शंभर रुपयांत आम्ही उत्तरासकट प्रश्न विकला.

आबाला त्यानंतर जिनातून बोलावणं आलं नाही. कोणी हाकललं नाही, फक्त बोलावलं नाही. आता तो दुसऱ्याच्या शेतात कापूस तोलायला जातो. बैलबाजारात अजून रुमाल टाकतो, पण बैल राहिलेत किती!

त्या वर्षीच्या दसऱ्याला शेठनं छापील फॉर्म आणले. वायदा, मंदी, सगळं कागदावर. गावानं त्याचं कौतुक केलं, आता कसं कायदेशीर झालं. फॉर्मच्या पाठीमागे बारीक अक्षरात अकरावं कलम आहे. ते माझ्याकडून लिहून घ्यायला शेठची गाडी माझ्या ओट्यापर्यंत आली होती. पाचशे रुपये आणि पेढ्यांचा पुडा. मी घेतले. मला नवीन काही लिहावंच लागलं नाही. ‘अभूतपूर्व परिस्थिती’पासून सुरू केलं.

परवा आबा तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. झुंबरबाईनं असोद्याहून विचारलं होतं, यंदा काय करायचं. “मास्तर, वाचा बरं,” म्हणाला. “मांगलं बारीक बी वाचा.”

मी पुढची बाजू वाचली. मग मागची. अकराव्या कलमाला माझा आवाज आपोआप चांगला लागला. वाचून झालं तसा आबा माझ्याजवळ सरकला. मग त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या उजव्या हातावर टाकला आणि आत हात घातला. मला वाटलं, काही भाव सांगतोय. त्यानं एकेक करत माझी बोटं चाचपली आणि ज्या बोटावर पेन टेकून टेकून घट्टा पडलाय, तिथे थांबला. ते बोट धरलं.

“सापडनं,” तो म्हणाला. “संकटनं बोट हाई शे.”

मग त्यानं रुमाल झटकला, फॉर्म सही न करता माझ्या ओट्यावर ठेवला आणि सायकल घेऊन गेला.